उपाहारगृहातील गोड पदार्थ आणि लोकनिंदा : चिकित्सकाने घ्यावयाची दखल

हॉटेलातील जेवण आटोपत आले की वेटर येऊन "गोडात काही आणू का?" असे विचारतो. या साध्या प्रश्नानंतर टेबलाभोवती क्षणभर शांतता पसरते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. कुणी "पोट अगदी भरलं" म्हणून सुटका करून घेतो, तर कुणी "तू घेणार असशील तर त्यातलंच दोन चमचे घेईन" असा मधला मार्ग काढतो. एखाद्याने स्वच्छ आवाजात "माझ्यासाठी गुलाबजाम" म्हटलेच, तर "परवाच वजन कमी करायचं म्हणत होतास ना?" हा प्रश्न ठरलेला असतो. सारे हसतात, गुलाबजाम येतो, खाल्लाही जातो. पण खाणाऱ्याचे मन आता त्या वाटीत राहिलेले नसते.

वरवर पाहता हा थट्टेचा विषय वाटेल. परंतु आमच्या चिकित्सालयात आहारविषयक प्रश्न विचारताना या थट्टेचे पडसाद आम्हाला नेहमी ऐकू येतात. "गोड खाता का?" या प्रश्नाला बहुतेक रुग्णांचे उत्तर "छे, अजिबात नाही" असेच असते. थोडे खोलात गेल्यावर शीतपेय, चहातील साखर, रात्री फ्रिज उघडून खाल्लेला पेढा अशा गोष्टी एकेक करून बाहेर येतात. रुग्ण वैद्याला फसवू इच्छित असतो असे नाही. आपण गोड खातो हे कळले तर आपल्याविषयी मत वाईट होईल, ही धास्ती त्याने टेबलावरून चिकित्सालयापर्यंत सोबत आणलेली असते. खोट्या आहारवृत्तावर केलेले पथ्यनियोजन कसे फसते, हे चिकित्सकांस सांगावयास नको. म्हणूनच या लोकनिंदेचे स्वरूप, तिचे परिणाम आणि आपले कर्तव्य यांचा येथे विचार करीत आहोत.

पंगतीतील गोड व हॉटेलातील गोड

आपल्याकडे गोडाची लाज ही जुनी गोष्ट नव्हे. पंगतीत पक्वान्न नाकारणे हाच यजमानाचा अवमान समजला जाई. जिलेबीचा आग्रह होई, पैजा लागत, आणि चार जिलेब्या जास्त खाणाऱ्याचे कौतुक होई. तोच गृहस्थ आज हॉटेलात एक वाटी बासुंदी मागताना संकोचतो. पदार्थ तोच व खाणाराही तोच असता असे का व्हावे?

आमच्या मते याचे कारण निर्णय कोणाचा, यात आहे. पंगतीत गोड वाढण्याचा निर्णय यजमानाचा असे. खाणाऱ्याकडे केवळ 'पुरे' म्हणण्याचे काम उरे, आणि तेही कोणी ऐकत नसे. हॉटेलात मात्र खाणाऱ्याला आपली इच्छा तोंडाने, सर्वांदेखत सांगावी लागते. ती स्वतंत्रपणे बिलात लिहिली जाते आणि तिच्यासाठी इतरांना थांबावेही लागते. इच्छा उघड झाली की तिच्यावर मत देण्याचा अधिकार आपणास मिळाला, असे सोबत्यांना वाटते. याची प्रचिती घ्यावयाची असल्यास थाळी देणाऱ्या भोजनगृहात जावे. तेथे श्रीखंडाची वाटी न मागता ताटात येते. कोणी लाजत नाही व कोणी टोकतही नाही. त्याचप्रमाणे जेवणानंतर सारे कुटुंब "चला, आइस्क्रीम खाऊ" म्हणून बाहेर पडते, किंवा पुण्यात मंडळी मस्तानी पिण्यास जातात, तेव्हाही लाज नसते, कारण निर्णय सर्वांचा असतो. निंदा पदार्थाची होत नसून एकट्याने उघडपणे व्यक्त केलेल्या इच्छेची होते.

गोड शेवटीच का?

याचा संबंध वाढण्याच्या क्रमाशीही आहे. डेझर्ट हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा संबंध टेबल आवरण्याशी आहे. मुख्य जेवणाची भांडी उचलल्यावर जे यावयाचे ते डेझर्ट. युरोपात पूर्वी अनेक पदार्थ एकाच वेळी टेबलावर मांडले जात. एकोणिसाव्या शतकात एकामागून एक पदार्थ वाढण्याची 'रशियन' म्हणून ओळखली जाणारी पद्धत तेथे रूढ झाली आणि गोडाचे स्थान शेवटी पक्के झाले. आजचे हॉटेल तोच क्रम पाळते.

आपल्या ताटात मात्र पक्वान्न आरंभापासून हजर असे आणि शेवट ताकभाताने किंवा मठ्ठ्याने होई. सुश्रुताचार्यांनीही भोजनात प्रथम मधुर, मध्ये अम्ल व लवण आणि शेवटी उर्वरित रस असा क्रम सांगितला आहे. भुकेच्या आरंभी वाताचे बल अधिक व अग्नी प्रखर असताना गुरू, स्निग्ध, मधुर द्रव्य पोटात जावे, हा त्यामागील विचार सर्वश्रुत आहे.

जेवण झाल्यावर गोडाची इच्छा पुन्हा का उत्पन्न होते, याचे उत्तर आधुनिक संशोधनातही मिळते. बार्बरा रोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली असे दाखवून दिले की, जो पदार्थ आपण खात असतो त्याची गोडी कमी होत जाते, परंतु न खाल्लेल्या वेगळ्या चवीच्या पदार्थाची रुची तेवढी कमी होत नाही. तिखट-खारट जेवणाने तृप्त झालेल्या मनुष्यास गोडासाठी 'जागा' सापडते ती यामुळे. ही इच्छा म्हणजे लोभ नव्हे, तो इंद्रियांचा स्वभाव आहे. ती पुरवावी की नाही हा प्रश्न वेगळा. पण तिच्यासाठी कोणाला दोषी धरण्याचे कारण नाही.

निंदा नेमकी कशाची होते?

निंदेमागे आरोग्याची काळजी असते, असा दावा केला जातो. तो तपासून पाहू. १९९५ साली अमेरिकेत रिचर्ड स्टाइन व कॅरल नेमरॉफ यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही काल्पनिक व्यक्तींची माहिती वाचावयास दिली. व्यक्तींची उंची, वजन, व्यायाम सारखेच होते. फरक केवळ आहाराचा होता. तरीही डोनट, आइस्क्रीम संडे असे पदार्थ खाणाऱ्या व्यक्तीस वाचकांनी नैतिकदृष्ट्याही कमी लेखले. शरीर सारखे असताना केवळ खाद्यावरून चारित्र्याचा निवाडा झाला. याला आरोग्याची काळजी कसे म्हणावे?

दुसरे असे की, ही निंदा साखरेच्या प्रमाणाकडे पाहत नाही, नावाकडे पाहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली व तत्सम मुक्त शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांहून कमी ठेवल्यास अधिक हितकर. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम होतात. तीनशे मिलिलिटर कोलापेयात सुमारे ३० ग्रॅम साखर असते. म्हणजे एका बाटलीतच ही मर्यादा ओलांडली जाते. जेवणाच्या आरंभी असे पेय मागवणाऱ्यास कोणी हटकत नाही. शेवटी बिलाबरोबर आलेल्या बडीशेप-खडीसाखरेची मूठ भरणाऱ्यासही कोणी हटकत नाही. वाटीतील खिरीकडे मात्र सर्वांचे लक्ष असते.

तिसरी गोष्ट शरीराकृतीची. स्थूल व्यक्तीने गोड मागवले की "तुला चालेल का?" आणि कृश व्यक्तीने नाकारले की "घे रे, तुला काय होतंय!" असे म्हटले जाते. दोन्ही वेळा बाह्य रूपावरून निदान केले जाते, आणि ते भारतीयांच्या बाबतीत विशेष फसवे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. दिसावयास सडपातळ असणाऱ्या भारतीयाच्या शरीरातही मेद किती असू शकतो, हे यावरून ध्यानात येते. तेव्हा टेबलावर बसून कोणास गोड चालेल व कोणास चालणार नाही हे केवळ पाहून ठरवणे धोक्याचे आहे.

'निंदित' या शब्दाचा अर्थ

येथे कोणी म्हणेल की, चरकाचार्यांनीच अतिस्थूलाची गणना अष्टनिंदितांत केली आहे, मग लोकांनी निंदा केली तर बिघडले कोठे? या शंकेचे निरसन आवश्यक आहे. त्या आठांत अतिदीर्घ, अतिह्रस्व, अतिकृष्ण, अतिगौर, अतिलोमा व अलोमा हेही आहेत. उंची किंवा वर्ण यांत त्या पुरुषाचा कोणता अपराध? अर्थात येथे निंदा शरीराच्या अवस्थेची आहे, मनुष्याच्या शीलाची नव्हे. शिवाय अतिस्थूलाबरोबर अतिकृशही तेथे आहे; दोघेही सतत व्याधिग्रस्त असतात म्हणून दोघांचीही चिकित्सा आचार्य सांगतात.

याहून महत्त्वाचे म्हणजे स्थौल्याची कारणे सांगताना अतिभोजन, मधुर-स्निग्ध-शीत आहार, अव्यायाम, दिवास्वाप यांच्या बरोबरीने 'बीजस्वभाव' हेही कारण आचार्यांनी नमूद केले आहे. सुश्रुतांनीही प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद मानले आहेत. जन्मतः मिळालेल्या प्रवृत्तीची दखल घेणाऱ्या या परंपरेचे आपण वारसदार आहोत. स्थूल अथवा प्रमेही रुग्णास 'जिभेवर ताबा नाही' असे म्हणून मोकळे होणे त्या परंपरेस शोभणारे नाही.

मधुर रसाविषयीही असाच गैरसमज दिसतो. षड्रसांत त्याचे स्थान पहिले आहे. भात, गहू, दूध, तूप हे सारे मधुरच. योग्य मात्रेत तो धातुवर्धक व बल्य आहे. अतियोग झाल्यास स्थौल्य, अग्निमांद्य, प्रमेह यांचा हेतू होतो. दोष अतियोगाचा आहे, रसाचा नव्हे.

निंदेचे परिणाम

चरकांच्या विमानस्थानात एक मोलाचा विचार आहे. पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखदायक शय्या आणि जागरण यांमुळे ते पचत नाही, असे आचार्य म्हणतात. तन्मय होऊन जेवावे, हा आहारविधीतील नियमही त्याच आशयाचा आहे. चार जणांचे डोळे आपल्या वाटीवर असताना तन्मयता कोठून येणार? खाणारा एकतर घाईने संपवतो किंवा न मागता मन मारून घरी जातो.

मन मारून घरी गेलेल्याचे पुढे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. १९७५ साली पीटर हर्मन व डेबोरा मॅक यांनी एक प्रयोग केला. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही. नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम हवे तितके खाऊ दिले. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालून घेत नसत, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या सतत बंधन पाळत होत्या, त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्ले. नियम एकदा मोडलाच आहे, तर आता कशाला थांबायचे, अशी ही मनाची चाल आहे. न्यूझीलंडमधील एका अभ्यासात (२०१४) चॉकलेट केकचा संबंध अपराधाशी जोडणारे व आनंदसोहळ्याशी जोडणारे यांची तुलना झाली. अपराधी वाटणाऱ्यांच्या आहारसवयी अधिक चांगल्या आढळल्या नाहीत. खाण्यावर आपले नियंत्रण कमी आहे असेच त्यांना वाटत होते, आणि वजन टिकवण्यातही ते कमी यशस्वी ठरले. म्हणजे निंदेने साधावयाचा हेतूही निंदेने साधत नाही.

याचा अर्थ गोडाविषयी निष्काळजी राहावे असा कोणी घेऊ नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार २०२१ मध्ये देशात अंदाजे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख पूर्वमधुमेही होते. इतक्या मोठ्या समुदायाला मर्यादा सांगणे हे आपले कामच आहे. प्रश्न इतकाच की ती मर्यादा रुग्णाने आपली म्हणून पाळावी, की लोकलज्जेस्तव चारचौघांत पाळून एकांतात मोडावी?

लाजेचा एक धोका तर थेट प्राणाशी येतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेणाऱ्या मधुमेहीस हॉटेलात जेवण यावयास उशीर झाला तर रक्तशर्करा एकाएकी उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळलेपणा ही लक्षणे दिसताच त्याला साखर हवी असते. अशा वेळी "तुला मधुमेह आहे ना, साखर कशाला?" असा प्रश्न येतो, किंवा तो येईल या भीतीने रुग्ण मागतच नाही. शर्करा ७० मिलिग्रॅमखाली गेली असल्यास शुद्धीवर असलेल्या रुग्णाने सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून तत्काळ घ्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आइस्क्रीम वा मिठाई तेव्हा उपयोगी नाही, कारण स्निग्धांशामुळे त्यांतील साखर सावकाश शोषली जाते. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे. ही माहिती रुग्णाइतकीच त्याच्या सोबत जेवणाऱ्यांसही असणे अगत्याचे आहे.

चिकित्सकाने काय करावे?

१. प्रश्न बदलावा. "गोड खाता का?" या प्रश्नात निवाडा दडलेला आहे. त्याऐवजी महिन्यातून किती वेळा बाहेर जेवता, सोबत कोण असते, पेय कोणते घेता, शेवटी काय घेता आणि घरी परतल्यावर काही खाता का, असे क्रमाने विचारावे. उत्तर ऐकताना भुवई उंचावू नये. निर्भय रुग्णच खरे वृत्त सांगतो.

२. राशीचा विचार शिकवावा. चरकांनी आहारविधीच्या आठ आयतनांत राशी सांगताना सर्वग्रह व परिग्रह असे दोन भेद केले आहेत. एकेका पदार्थाची मात्रा तो परिग्रह व एकूण भोजनाची मात्रा तो सर्वग्रह. भरपेट जेवणावर आलेले गोड हे सर्वग्रहाचे उल्लंघन होय. गोड घ्यावयाचे असल्यास ते जेवण मागवतानाच ठरवावे. शीतपेय टाळावे, एखादी रोटी वा भात कमी करावा. असे ठरवून घेतलेले गोड मात्रेत बसते आणि शेवटच्या क्षणीचा संकोचही टळतो.

३. क्रम प्रकृती व व्याधी पाहून सांगावा. निरोगी व दीप्ताग्नी व्यक्तीस गोड प्रथम घेण्यास सांगता येईल. मधुमेहीस मात्र हा क्रम सरसकट सांगू नये. भाज्या व प्रथिने आधी आणि पिष्टमय पदार्थ शेवटी घेतल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढते, असे अमेरिकेतील २०१५ च्या एका छोट्या अभ्यासात आढळले आहे. स्वस्थासाठी सांगितलेला नियम आतुरास लावताना तारतम्य हवेच.

४. काल व संयोग पाहावा. हेमंतात अग्नी बलवान असताना जे गुरू पक्वान्न पचते ते वसंतात कफप्रकोप करते. रात्री उशिरा, उष्ण जेवणावर अतिशीत आइस्क्रीम अग्नीस मंद करते. दूध व फळे एकत्र असलेले फ्रूट सॅलड विरुद्धाहार म्हणून टाळण्यास सांगावे. हे सारे सांगताना कारण समजावून द्यावे. कारण कळले की रुग्ण स्वतः निवड करू लागतो.

५. सवय पादांशाने सोडवावी. सात्म्य झालेले अहित एकदम न सोडता चतुर्थांशाने कमी करत जावे, असा आचार्यांचा क्रम आहे. दर वेळी पूर्ण वाटी खाणाऱ्याने आधी पाऊण वाटी, मग अर्धी, पुढे पाव असे करावे. उरलेली दुसऱ्यास देणे किंवा दोघांत एक मागवणे यात लाजण्यासारखे काही नाही.

६. नातलगांशीही बोलावे. रुग्णाच्या ताटावर चारचौघांत टीका करू नये आणि "आजच्या दिवशी चालतं" म्हणून आग्रहही करू नये, हे त्यांना स्पष्टपणे सांगावे. काही सुचवावयाचे असेल तर ते घरी, एकांतात व मायेने सुचवावे.

आग्रह आणि निंदा या वरकरणी परस्परविरुद्ध दिसणाऱ्या गोष्टी एकच काम करतात: खाणाऱ्याचा विचार त्याच्या हातून काढून घेतात. आहारविधीच्या आठ आयतनांत शेवटचे आयतन 'उपयोक्ता', म्हणजे खाणारा स्वतः, हे आहे. आपल्या बलाबलाचे, अग्नीचे, हिताहिताचे नीट अवलोकन करून जेवावे, हा आचार्यांचा आदेश त्यालाच उद्देशून आहे. शेजारी बसलेल्यास उद्देशून नाही. आपल्या रुग्णास हे अवलोकन करता यावे इतके ज्ञान व इतका निर्भयपणा देणे हे आपले काम आहे. मग वेटरच्या प्रश्नावर तो 'आण' म्हणेल किंवा 'नको' म्हणेल. दोन्ही उत्तरे तो स्वतःकडे पाहून देईल, आणि पुढील भेटीत आपल्याला खरे सांगेल.